तयार चाल आणि आपले पाय

(द्वितीय वर्ष, कला)

'चाल' हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. माणसाच्या चालण्याला आपण चाल म्हणतो आणि गाण्याच्या सुरावटीलाही चालच म्हणतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जाखडीचा शाहीर गणपतीसाठी नवे गाणे बांधतो, तेव्हा पुष्कळदा चाल एखाद्या चित्रपटगीताची घेतो आणि शब्द स्वतःचे घालतो. ऐकणाऱ्यांना मूळ गाणे चटकन ओळखू येते, पण त्या शाहिराला कुणी चोर म्हणत नाही. चालीवर शब्द नीट बसले की नाही, एवढेच लोक पाहतात. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ आले, ठेका एकीकडे आणि शब्द दुसरीकडे गेला, की मंडपातली पोरेसुद्धा हसतात.

हा लेख मात्र गाण्याच्या चालीवर नाही. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या माणसांच्या चालीवर आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात डोके का घालावे, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर लेख संपेपर्यंत मिळावे असा माझा प्रयत्न आहे.

गेल्या पावसाळ्यात विज्ञान शाखेत शिकणारे माझे दोन मित्र आणि मी अशा तिघांनी मिळून भातशेतीवर एक छोटा संगणकीय खेळ करावयास घेतला. खेळणाऱ्याला एक कुणगा मिळतो. त्याने तरवा पेरायचा, नांगरणी-चिखलणी करायची, पाऊस पाहून लावणी करायची आणि शेवटी कापणी-झोडणी करून भात घरी न्यायचे, एवढीच कल्पना. संगणकाचे काम मित्रांकडे होते. गोष्ट, संवाद आणि शेतातले बारीकसारीक तपशील माझ्याकडे होते. त्या दोघांपैकी एकाचीही पावले कधी चिखलात बुडालेली नव्हती. माझी बुडालेली होती, म्हणून मला घेतले, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते.

आजकाल असा खेळ कुणी शून्यातून करीत नाही. चित्र उमटवणे, आवाज काढणे, एक वस्तू दुसरीवर आपटली तर काय होईल याचा हिशेब करणे, ही सारी कामे करणारी तयार प्रणाली मिळते. तिला 'गेम इंजिन' म्हणतात. युनिटी, अनरियल, गोदो ही त्यांतली प्रसिद्ध नावे. यांवर आपल्याकडेही चांगले काम झालेले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' हा आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला खेळ अनरियल इंजिनावर केला आणि २०२० साली तो जगभर गेला. आम्ही युनिटी घेतले. माणसांच्या आकृत्या करण्यासाठी 'ब्लेंडर' घेतले. २००२ साली त्याची मूळ संहिता लोकवर्गणीतून सर्वांसाठी मोकळी झाली, तेव्हापासून ते फुकट मिळते.

पडद्यावरची आकृती हलते कशी, हे प्रथम सांगावयास हवे. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी येथे कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुलीला दोऱ्या असतात, दोरी ओढली की हात उठतो. संगणकातल्या आकृतीला दोरीऐवजी आतून हाडे असतात. बाहेर कातडी, आत सांगाडा, आणि कातडीचा कुठला भाग कुठल्या हाडाबरोबर हलेल याचे कोष्टक. हालचाल म्हणजे कोणत्या क्षणी कोणते हाड किती अंशांत वळले, याची लांबलचक यादी. बहुधा एका सेकंदाच्या ३० नोंदी असतात.

आता ही यादी हाताने तयार करणे फार वेळखाऊ असते. म्हणून तयार हालचालींची भांडारे निघाली आहेत. त्यांतले 'मिक्सामो' विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाचे. अमेरिकेतल्या ॲडोबी कंपनीने ते २०१५ साली विकत घेतले आणि आज नाव नोंदवले की त्यातल्या हालचाली फुकट वापरता येतात. आपली आकृती तेथे चढवावयाची, तिची हनुवटी, मनगटे, कोपरे, गुडघे आणि मांड्यांचा सांधा कुठे आहे ते टिंबे ठेवून दाखवावयाचे, की सांगाडा आपोआप बसतो. मग चालणे, धावणे, बसणे, पोहणे, भांडणे, सांबा नाचणे, असे हवे ते उचलावे. या हालचाली बऱ्याच अंशी खऱ्या माणसांच्या असतात. कुणीतरी नट अंगावर खुणा लावून एका मोठ्या खोलीत चालतो, भोवतीचे कॅमेरे त्या खुणांचा माग घेतात आणि त्यातून हाडांची यादी निघते. कार्नेगी मेलन विद्यापीठाने तर अशी अडीच हजारांहून अधिक चित्रणे साऱ्या जगासाठी खुली ठेवली आहेत.

एकाची चाल दुसऱ्याच्या अंगावर चढवणे हे गेम इंजिनाचे काम. युनिटीत आकृती 'माणूस' आहे असे सांगावे लागते आणि त्यासाठी निदान १५ हाडे ओळखीची असावी लागतात. दोन्ही हात आडवे पसरून आकृती सरळ उभी करावयाची, म्हणजे मूळ सांगाडा आणि आपला सांगाडा यांची गाठ नीट पडते. हे जमले की अमेरिकेतल्या नटाची चाल आमच्या शेतकऱ्याच्या अंगी येते. पहिल्यांदा ती आली तेव्हा आम्ही तिघेही टाळ्या पिटून हसलो. बांधावरून आमचा शेतकरी चालला होता!

पण तो चालत नव्हता, घसरत होता. पाऊल जमिनीवर टेकलेले असतानाच पुढे सरकत होते, जणू बांधावर तेल सांडले आहे. याचे कारण साधे हिशेबाचे निघाले. एका सेकंदात दोन पावले आणि एक पाऊल ६० सेंटिमीटर, म्हणजे ती चाल सेकंदाला १.२ मीटर जाणाऱ्याची. आम्ही मात्र आकृतीला सेकंदाला २ मीटर पुढे ढकलत होतो. वेग जुळवला तेव्हा पाय जमिनीला चिकटला. इतक्या लहान दुरुस्त्या पुष्कळ कराव्या लागतात. चालीचा शेवट आणि आरंभ जुळला नाही तर दर सेकंदाला उचकी लागल्यासारखे होते. पाच माणसांना एकच चाल एकाच क्षणी सुरू करून दिली तर शेतात कवायत चालल्यासारखी दिसते, म्हणून प्रत्येकाचा आरंभ थोडा मागेपुढे करावा लागतो. हे सारे जमले. बांधावर चालणे, ओट्यावर बसणे, लांबून हात करून हाक मारणे, या गोष्टी तयार चालींवर उत्तम बसल्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली ती लावणीपाशी. तयार भांडारात शेतीच्याही काही हालचाली मिळाल्या. रोप लावणे त्यांत होते. आम्ही ते आमच्या इरले घेतलेल्या बाईच्या अंगावर चढवले. ती चिखलात गुडघा टेकून बसे, दोन्ही हातांनी जमीन चाचपी, एक रोप ठेवी आणि उठून उभी राही. मित्र म्हणाले, "झाले काम." मी त्याचे चित्रण मोबाईलवर घेऊन गावी गेले आणि आईला दाखवले.

आई एकदा पाहून म्हणाली, "ही बाय लावनी नाय करत गो. चिखलात कायतरी हरवलंय हिचं, ते शोधतेय."

मग तिने ओटीवर उभे राहून मला दाखवले. लावणी करणारी बाई बसत नाही, कमरेत वाकते. डाव्या हातात रोपांची मूठ असते आणि ते कोपर मांडीला टेकलेले असते, त्यामुळे पाठीला थोडा आधार मिळतो. उजवा हात मुठीतून दोनतीन काड्या सोडवतो, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात खोचतो आणि लगेच वर येतो. वीतभर अंतरावर पुन्हा तेच. आणि मुख्य म्हणजे बाई पुढे जात नाही, मागे मागे सरते. पुढे गेली तर आपलीच रोपे तुडवील. हे तिने सांगितल्यावर मला माझीच लाज वाटली. लहानपणापासून मी लावणी पाहत आणि करीत आले आहे. पण पडद्यावरची चूक मला 'कुठेतरी चुकतेय' एवढीच कळली होती. काय चुकतेय, हे सांगता आले नव्हते. अंगाला ठाऊक असलेली गोष्ट शब्दांत आणणे वेगळे.

परतल्यावर आम्ही अनेक खटपटी केल्या. भांडारातली पुढे चालण्याची चाल उलटी फिरवली. पाय मागे पडू लागले, पण हात मोकळे झुलत राहिले आणि अंगाचा भार पुढे निघालेल्या माणसाचाच राहिला. मग कमरेच्या खालचे एका हालचालीतून आणि वरचे दुसरीतून घेतले. तशी सोय इंजिनात असते. आता बाई वाकली, पण तिचा हात चिखलाच्या चार बोटे वरच थांबू लागला. त्याचेही कारण आहे. चाल चढवताना हाडांची वळणे उतरतात, लांबी उतरत नाही. मूळ नट उंच, त्याचे हात लांब. तोच कोन आमच्या ठेंगण्या बाईच्या आखूड हाताला दिला तर तो पोहोचणार कसा? त्यावर उपाय असा की हाताचा पंजा कुठे पोहोचला पाहिजे ते आधी ठरवून द्यावयाचे आणि कोपर-खांद्याचा कोन इंजिनाला उलट काढावयास लावावयाचा. तेही केले. हात चिखलात पोहोचला.

तरी ती लावणी दिसेना. शेवटी आमच्या ध्यानात आले की त्या चालीच्या पायाखाली फरशी आहे. ज्या खोलीत ती टिपली तेथे चिखल नव्हता. चिखलातून पाय काढताना टाच आधी सुटते, बोटे अडकून राहतात, क्षणभर सारा तोल दुसऱ्या पायावर जातो, आणि मग पाय 'पचक्' करून सुटतो. तो क्षण मूळ हालचालीत नव्हताच. जे मुळातच नाही ते जुळवणार कसे?

अखेर आम्ही दोन मोबाईल घेऊन आमच्या शेतात गेलो. एक समोर, एक बाजूला. आईने एक पात लावली. ते चित्रण ब्लेंडरमध्ये मागे ठेवून, पहिल्या क्षणी कंबर कुठे, हात कुठे, दहाव्या क्षणी कुठे, अशी एकेक ठेवण आम्ही हाताने बसवली. अवघ्या चार सेकंदांच्या हालचालीला ११ दिवस लागले. साध्या मोबाईलच्या चित्रणावरून आपोआप हालचाल काढून देणारी साधने आता निघाली आहेत. आम्ही तेही करून पाहिले. पण गुडघ्याखालचा पाय चिखलात गेला की त्या साधनाला तो दिसेनासा होई, आणि पडद्यावरची बाई भलतीकडेच पाय टाकी. म्हणून हातानेच करावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझा एक मित्र अजूनही म्हणतो, "११ दिवस वाया गेले. खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात येणार होते?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. तयार वस्तू घेण्यात कमीपणा नाही, हे मलाही मान्य आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यातल्या पदांच्या चाली कीर्तनातून, लोकगीतांतून, कर्नाटकातून आलेल्या होत्या. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकासाठी भास्करबुवा बखल्यांनी कितीतरी पदे रागदारीच्या जुन्या चिजांवर बांधली. त्यामुळे मराठी नाट्यसंगीत उसने ठरले नाही, उलट ते आपलेच झाले. तीन विद्यार्थ्यांनी, एका जुन्या लॅपटॉपवर, प्रत्येक पाऊल स्वतः घडवावे असा हट्ट धरला असता तर आमचा खेळ कधीच पुरा झाला नसता. म्हणून 'सारे स्वदेशीच हवे' असे मी म्हणत नाही.

पण त्याच्या प्रश्नाचे दुसरे अर्धे मला पटत नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे! कोकणात गावोगाव भाताचे कुणगे पडीक राहू लागले आहेत. घरचे तरुण हात मुंबईला गेले. जेथे शेती होते तेथे यंत्राने लावणी होऊ लागली आहे, आणि माझ्या आईच्या कमरेकडे पाहून मी म्हणेन की ते चांगलेच आहे. पण याचा अर्थ असा की उद्याच्या पुष्कळ मुलांना हाताची लावणी पाहावयास मिळेल ती पडद्यावरच. तेथे बाई गुडघे टेकून चिखल चाचपताना दिसली, तर लावणी म्हणजे तेच, असे ती धरून चालतील. चुकीचा शब्द छापून आला तर कुणी ना कुणी पत्र लिहून दुरुस्त करतो. चुकीच्या चालीला पत्र कोण लिहिणार? ज्यांना ती ओळखता येते ते गेम खेळत नाहीत, आणि जे गेम खेळतात त्यांना ती ओळखता येत नाही.

दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची. आमच्या गावातल्या एका आजोबांनी हे ऐकले तेव्हा ते रागावले. "आज शेत घेतलंनीत, उद्या संकासूर घ्याल," असे ते म्हणाले. संकासूर म्हणजे आमच्या नमन-खेळ्यांतले काळ्या कपड्यांचे, उंच टोपीचे, कमरेला घुंगरू बांधलेले पात्र. शिमग्यात तो आला की लहान मुले आईच्या पदराआड लपतात आणि मोठी माणसे त्याला हात जोडतात. तो दुपारी अंगणात नाचतो, रात्री नमनात येतो, आणि त्याच्या अंगात कापडाखाली गावचाच एक माणूस असतो. आजोबांची भीती मी आरंभी हसण्यावारी नेली. पण नंतर विचार केला तेव्हा ती खरी वाटू लागली. ज्या सोयीने आम्ही एका परक्या नटाची चाल आमच्या बाईला दिली, त्याच सोयीने कुणीही संकासुराच्या आकृतीला भलता नाच देऊ शकेल. किंवा संकासुराची चाल टिपून ती एखाद्या विदूषकाला, एखाद्या भुताला देऊ शकेल. इंजिनाला दोन्ही सारखेच. त्याला मान आणि अवमान कळत नाही.

हा प्रश्न माझ्या घरातूनही आला. चित्रण झाल्यावर आई हातपाय धुताना सहज म्हणाली, "ही माजी चाल आता कोन कोन वापरनार?"

मी सांगितले, आम्ही वापरू. पुढे आमचा विचार ती भांडारात ठेवण्याचा आहे, म्हणजे इतर विद्यार्थ्यांनाही फुकट मिळेल.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लावनीला वापरा, हरकत नाय. पन माजं अंग घेऊन कुनाला नाचवू नका."

मला 'बरं' म्हणता आले नाही. कारण एकदा ती यादी भांडारात गेली की ती कुणाच्या अंगावर चढेल हे माझ्या हाती राहणार नाही. आईचा चेहरा त्यात नाही, नाव नाही, आवाज नाही. आहे फक्त कंबर किती वाकली आणि टाच कशी सुटली. पण तिने तिला 'माझे अंग' म्हटले, आणि मला ते खरे वाटते. चाळीस पावसाळे वाकून त्या कमरेला ते वळण पडले आहे. म्हणून ती हालचाल आम्ही अजून कुठेही ठेवलेली नाही. मित्रांना हे पटत नाही. आमच्यात यावरून अबोलाही झाला. ते म्हणतात, "इतरांच्या चाली तू फुकट घेतल्यास, आणि आपली देताना हात आखडतेस?" हा टोमणा मला लागला आहे, कारण त्यात तथ्य आहे.

इतिहास पाहिला तर हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतल्या मॅक्स फ्लायशर यांनी सुमारे १९१५ साली चित्रफितीवरून हालचाल गिरवून घेण्याची युक्ती काढली, तेव्हा त्यांच्यासाठी विदूषकाचे कपडे घालून नाचला तो त्यांचा भाऊ डेव्ह. १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ निघाला. त्यातल्या राजपुत्राचे धावणे आणि उड्या मारणे हे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या धाकट्या भावाचे, डेव्हिडचे आहे. दोन्ही ठिकाणी चाल घरातली होती, म्हणून भावांची नावे राहिली. आज आमच्या शेतकऱ्याला ज्याची चाल आहे त्या नटाचे नाव मला माहीत नाही. तो कुठल्या गावचा, त्याचे गुडघे दुखतात काय, आपण एक दिवस कोकणातल्या बांधावरून चालू असे त्याला स्वप्नात तरी आले असेल काय? त्याला मोबदला मिळाला असेल, त्याने सही केली असेल. आईलाही सही करता येते, पण ती कशावर करीत आहे हे तिला समजावून देणे माझे काम आहे. ते काम मला अजून पुरते जमलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. तयार चाली खुशाल घ्याव्यात, पण तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, ज्याचे काम आपण पडद्यावर दाखवतो त्याला ते आधी दाखवावे. कोळ्याचे जाळे टाकणे दाखवले असेल तर ते मिरकरवाड्यावर नेऊन दाखवावे, पालखी नाचवणे असेल तर खांद्याला भोई देणाऱ्याला दाखवावे. तो हसला तर काम पुन्हा करावे. दुसरी, जेथे तयार चाल मुळातच बसत नाही तेथे ठोकून बसवू नये. आपल्या माणसाची चाल आपण टिपावी. तिसरी, टिपताना त्या माणसाचे नाव, त्याची अट आणि त्याची परवानगी त्याच्या भाषेत लिहून ठेवावी. त्याने एक अट घातली आणि ती आपल्याला पाळता येणार नसेल, तर ती चाल आपल्यापाशीच ठेवावी.

हे काम कुणाचे? माझे उत्तर असे की कला शाखेचे. वळणे आणि हाडे यांचा हिशेब विज्ञानाचे मित्र आमच्यापेक्षा कितीतरी चांगला करतात. पण कुठली चाल कुणाची, ती कुठल्या गाण्यावर पडते, कुठल्या देवापुढे नाचली जाते आणि कुठे नाचू नये, हे विचारण्याचे शिक्षण इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी शिकणाऱ्यांचे आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. येताना मला वाटले होते की घरचे सारे दाराबाहेर ठेवून आत यावयाचे असते. या खेळाने मला उलटे शिकवले. वर्गात माझ्याखेरीज लावणीची बरोबर ठेवण आईला विचारून येईल असे कुणी नव्हते.

रत्नागिरीजवळ शिरगावच्या कृषी संशोधन केंद्राने भाताचे वाण काढले. 'रत्नागिरी-१', 'रत्नागिरी-२४' अशी त्यांची नावे आहेत. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. दाण्याची लांबी किती, पीक किती दिवसांत तयार होते, याची नोंद होते आणि ती व्हावीच. पण तो दाणा पेरून, उपटून, पुन्हा लावणाऱ्या हाताच्या चालीची नोंद कुणी करावयाची? आपल्या महाविद्यालयातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींच्या घरी असे एक तरी माणूस असेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून आधी त्याला विचारा, मग मोबाईल काढा.

शेवटी एक सांगून लेख पुरा करते. दुरुस्त केलेली लावणी मी आईला दाखवली. तिने बराच वेळ पाहिली. ती चार सेकंदांची हालचाल पुन्हा पुन्हा फिरत होती. मग ती म्हणाली, "आता बरी लावतेय. पन ही दमत नाय काय गो? एकदा तरी कंबर सरळ करू दे तिला."

आमच्या तिघांच्याही डोक्यात ते आले नव्हते. आम्ही तेवढ्यासाठी बोलू लागलो. आता दर काही पातींनंतर आमची बाई उभी राहते, हात कमरेवर ठेवते, पाठ मागे ताणते आणि आभाळाकडे पाहते. ती हालचाल मात्र आम्हांला घडवावी लागली नाही. तयार भांडारात शोधली, तर कुणा अनोळखी नटाची मिळाली, आणि काहीही न बदलता ती आईच्या अंगावर बसली.